कापलेलं हसू

“हरलात तर रडाल का?”

प्रश्न माझा नव्हताच, जिराफचा होता. जिराफ म्हणजे बाकावरची माझी शेजारीण. सातवीच्या सुट्टीत ती जी वाढायला लागली ती अजून थांबायचं नाव घेत नाही. तिच्या पलीकडे काडी बसते, आणि पैजा लावायचं खातं काडीकडे असतं. नगराध्यक्षाच्या निवडणुकीला उभ्या राहिलेल्या बाई शाळेत येणार, सभागृहात आम्हाला रांगेनं बसवणार, ‘उद्याच्या मतदारांनो’ म्हणून त्या गप्पा मारणार आणि शेवटी ‘विचारा काय विचारायचं ते’ म्हणणार, हे आम्हाला आधीच माहीत होतं, कारण वर्गशिक्षिकांनी रस्ते, कचरा आणि हवा असे तीन प्रश्न तीन हुशार मुलींना वाटूनसुद्धा टाकले होते. “चौथा तरी कुणीतरी खरा विचारा गं,” काडी म्हणाली. “आहे कुणाची छाती? माझा नवा खोडरबर पैजेवर.” आणि दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं. गेल्या वर्षी त्यांनी माझ्या डोक्यावरून पलीकडे बघितलं असतं. गेल्या वर्षी मी वर्गात तोंड उघडायचे ते फक्त जांभई द्यायला. मग सुट्टीत केस कापले, मानेला वारा लागला, आणि केसांबरोबर आणखी काय गळून पडलं कोण जाणे, मी बोलायला लागले. आई म्हणते, पूर्वी हिच्या तोंडातून शब्द काढायला पक्कड लागायची, आता बूच लागतं. तर अशी मी. छाती आहे का विचारल्यावर नाही म्हणणं मला आता जमतच नाही.

बाई गुरांच्या डॉक्टर होत्या. म्हणजे गावभरची कुत्री, मांजरं, टांग्याचे घोडे, सगळ्यांच्या. पण विरोधकांनी त्यांचं नाव ‘ढोरडॉक्टर’ पाडलं होतं आणि ते चिकटलं होतं. मंचावर खुर्ची मांडलेली असून त्या मंचाच्या काठावर पाय खाली सोडून बसल्या. बुटांचे तळवे झिजलेले होते. रस्ते झाले, कचरा झाला, हवा झाली. माईक रांगेतून हातोहात माझ्यापर्यंत आला, मी उठले आणि विचारलं. कानात रक्त धडधडत होतं, त्यामुळे मी विचारलं एवढंच मला कळलं, कसं विचारलं ते नाही. आणि मग ती शांतता आली. मोठी माणसं मुलांना उत्तरं कशी देतात ते मला पाठ आहे. आपला प्रश्न अजून तोंडात अर्धा असतो तोवर त्यांचं उत्तर तयार, वर ‘हुशार आहेस हं’ फुकट. बाईंनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं, मग सभागृहाच्या मागच्या भिंतीकडे, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं, आणि पुन्हा माझ्याकडे. सगळी शाळा बसलेली असूनही वरचे पंखे ऐकू यायला लागले. कुणाची तरी पेन्सिल पडली आणि घरंगळत किती लांब गेली ते सगळ्यांना कळलं. माझी आधी तंतरली, मग मला हसायला येईलसं वाटलं, आणि मग एकाएकी कळलं की या बाई विचार करतायत. माझ्या प्रश्नाचा. एका पैजेच्या, फालतू, पोरकट प्रश्नात त्या खरोखर आत उतरल्या होत्या आणि तिथे काहीतरी शोधत होत्या. माझ्या बोलण्यावर आजवर कुणीच इतका वेळ घालवलेला नव्हता. अंगावर काटा आला तो भीतीचा नव्हता; रात्री गच्चीवर एकटं उताणं पडल्यावर आभाळ अचानक खोल होतं ना, तसला होता.

“मला माहीत नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “मागच्या खेपेला हरले तेव्हा रडले होते. पण हरले म्हणून रडले, की सगळं संपलं म्हणून, ते मला अजून उमगलेलं नाही. या वेळी रडले, तर लक्ष देऊन रडेन.”

कुणी हसलं नाही. मुख्याध्यापिकांनी घाईघाईनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. काडीनं पैज हरल्याबद्दल मला तिचा नवा खोडरबर दिला आणि म्हणाली, “बाई वेडी आहे गं.” पण ज्या सुरात आपण ‘किती उंच आहे’ म्हणतो त्या सुरात म्हणाली.

संध्याकाळी तेच सगळं टीव्हीवर. आमचे बाबा एका बातम्यांच्या वाहिनीत एडिटर आहेत, म्हणजे चित्रं आणि आवाज कापून जोडायचं काम करतात, त्यामुळे आमच्या घरी टीव्ही हा पाहुणा नसून जावई आहे, त्याला कुणी गप्प बस म्हणत नाही. बाबांच्याच वाहिनीवर लाल पट्टी धावत होती: ‘शाळकरी मुलीनं केली उमेदवाराची बोलती बंद!’ आणि पडद्यावर मी. मी! माझी कापलेल्या केसांची मान, माझी कॉलर, आणि माझा आवाज, धारदार, एका दमात, “मॅडम, हरलात तर रडाल का?” त्यानंतर बाई. चष्मा काढणाऱ्या, भिंतीकडे बघणाऱ्या, गप्प. पडद्याच्या कोपऱ्यात वाहिनीनं एक घड्याळ लावलं होतं, त्यात सेकंद पळत होते. सभागृहात जी गोष्ट आभाळासारखी होती ती इथे रिकाम्या भांड्यासारखी दिसत होती. बाई बावळट दिसत होत्या. आणि शेवटी ते “मला माहीत नाही”, आणि पुढचंही सगळं, एक शब्द न गाळता. पण घड्याळ थांबेपर्यंत ऐकणाऱ्याचं मन उठून गेलेलं असायचं; आईचंसुद्धा गेलं. “ही काय नगर चालवणार,” आई म्हणाली. आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, दिवसभर लोकांना विचारत असते, आता बरं दिसतंय की मघाशी बरं दिसत होतं, त्यामुळे तिची मतं पटकन ठरतात. बाईंच्या विरुद्धचा उमेदवार तिनं केव्हाच ठरवून टाकला होता. मग ती माझ्याकडे वळली. “पण तू काय बोललीस गं! माझी मुलगी वाटतच नव्हतीस.” बाबा उशिरा आले, मला म्हणाले, “छान दिसलीस,” आणि हात धुवायला गेले ते बराच वेळ हात धूतच राहिले.

त्यानंतरचे दिवस मी जमिनीवर नव्हतेच. तो तुकडा फोनाफोनांतून पसरला आणि त्याखाली माणसं भांडायला लागली. मी आतापर्यंत राजकारणाकडे शेजारच्यांच्या भांडणाकडे बघतात तसं बघायचे, खिडकीतून. आता भांडणाच्या मधोमध माझाच चेहरा होता. मी एका निवडुंगाच्या चित्रामागे लपून खोटं खातं काढलं आणि वाचत सुटले, बसमध्ये, न्हाणीघरात, भूगोलाच्या पुस्तकाआड. किती माणसं! त्यांना काय झोपा नव्हत्या, कामं नव्हती? गुलाबाच्या फुलाचा फोटो लावलेले एक आजोबा आईमाईवरून शिव्या देत होते आणि शेवटी ‘शुभ दिवस’ लिहीत होते. कुणी म्हणे वाघीण आहे पोरगी. कुणी म्हणे पढवलेली आहे, विरुद्ध पक्षानं शाळेत पेरलेली. बाईंच्या बाजूचे लोक पेटले होते: ‘विकाऊ वाहिनी! बाईंचं बोलणं कापलं!’ एकानं तर बाईंच्या पापण्या मोजल्या होत्या, की इथे त्या मिटतायत आणि पुढच्या क्षणाला उघड्या आहेत, म्हणजे मधलं गायब. दुसऱ्यानं भिंतीवरच्या सावलीवर बाण काढले होते. त्यावर तिसरा, की भाऊ, तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. वाहिनी इतकी तापली की तिनं निवेदन काढलं: उमेदवारांच्या बोलण्यातला, अगदी त्यांच्या मौनातलाही, एक क्षणसुद्धा आम्ही कापलेला नाही, ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन बघावं. मग बाईंच्या बाजूला दिवाळं निघाल्यासारखी शांतता, आणि विरोधकांच्या बाजूला फटाके. ‘आता तुमच्या बाईच गप्प बसल्या त्याला वाहिनी काय करणार?’ ‘गाईला विचारून उत्तर देणार होत्या वाटतं.’ बसथांब्यामागच्या भिंतीवर बाईंचं चित्र होतं, कुणीतरी त्यांच्या ओठांवर काळ्या रंगानं चेन काढली होती, पँटची असते तशी, ओढायच्या खुंटीसकट. निगुतीनं काढली होती. मी ती बघत उभी राहिले आणि मला विचित्र वाटलं, कारण ती चेन लावणारा हात कुणाचाही असो, ती ओढली होती माझ्या आवाजानं.

आणि तरीही, खोटं कशाला बोलू, मला ‘वाघीण’ आवडत होतं. तो तुकडा मी इतक्यांदा बघितला की आधी काय झालं होतं ते पुसूनच गेलं. सभागृहात आपण नक्की कशा बोललो हे आठवायला गेले की टीव्हीचाच आवाज यायचा, स्वच्छ, टोकदार, “मॅडम, हरलात तर रडाल का?” मला वाटायला लागलं की बोलले असेन बुवा मी असंच, माझ्यात होतं ते, मलाच पत्ता नव्हता. आरशासमोर तसं बोलून बघायचे. जमायचं नाही, मध्ये श्वास लागायचा. पडद्यावरच्या मला श्वास लागलेलाच नव्हता.

मग मधल्या सुट्टीत, पाण्याच्या नळांपाशी, जिराफनं फोन काढला. तिनं त्या दिवशी चोरून चित्रण केलं होतं, काडीनं पैज मोडली तर पुरावा हवा म्हणून. “फार वाघीण वाघीण झालंय ना तुझं,” ती म्हणाली, “बघ, वाघीण म्याव कसं करते.” चित्र हलत होतं, पुढच्या मुलीची वेणी अर्धा पडदा खात होती, पण आवाज लख्ख होता. “अं… मॅडम… म्हणजे मी नाही, या दोघी म्हणतायत की… थांब ना गं, चिमटे काय काढतेस… सॉरी… तुम्ही… हिहिहि… तुम्ही हरलात, हरलात ना, तर… अं… रडाल का?” आणि मग हसणं. किती वेळ हसणं! आधी माझं, शिट्टी फाटल्यासारखं, मग आख्ख्या रांगेचं, मग मागच्या रांगांचं. काडी पोट धरून हसत होती, फोनमधली आणि फोनबाहेरची, दोन्ही. मला हसू येईना. मी जिराफच्या हातातून फोन घेतला आणि पुढचं बघितलं, आवाज वाढवून. ते सगळं हसणं सभागृहभर पसरतं, आणि बाई थांबलेल्या असतात. गोंधळलेल्या नाही. त्या हसणं खाली बसायची वाट बघतात, धूळ खाली बसायची बघतात तशी. ते बसतं. आणि तेव्हा कुठे त्या चष्मा काढतात, आणि हसत-खिदळत फेकलेला तो प्रश्न उचलून, झटकून, खरा मानून, त्याचा विचार करायला लागतात. तेवढीच शांतता. तेच पंखे, तीच पेन्सिल. फक्त तिच्या आधी माझं हसू होतं की नव्हतं, एवढाच फरक. आणि एकीकडे ती बाई अडाणी दिसत होती, दुसरीकडे मी आजवर पाहिलेली सगळ्यात सभ्य व्यक्ती. नळ वाहत राहिला होता, माझे बूट भिजले. “अगं, रागावलीस की काय?” जिराफ म्हणाली. मी म्हटलं, “हे मला पाठव. आणि अजून कुणाला पाठवू नकोस, माझी शपथ.” इतकी माणसं बाईंच्या पापण्या मोजत होती. माझ्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. मला कापलं असेल ही शंका सगळ्या भांडणात एकालाही, एका वेड्यालाही आली नव्हती.

शाळा सुटल्यावर घरी न जाता मी वाहिनीच्या इमारतीत गेले. लहानपणापासून जाते, पहारेकरी काका मला ‘छोट्या साहेब’ म्हणतात. बाबांच्या खोलीला खिडकी नाही. यंत्रांना गारवा लागतो म्हणून माणसं तिथे भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसतात. पाच टेबलं, प्रत्येकावर दोन पडदे, आणि प्रत्येकासमोर कुणीतरी पाठमोरं, कानांवर ती मोठी झाकणं लावून, जगाशी कट्टी घेतल्यासारखं. मी बाबांच्या एका कानावरचं झाकण उचललं आणि विचारलं, “बाबा, माझं हसू कुठंय?”

बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या टेबलाकडे. शेजारचे काका झाकणांत बुडालेले होते. “बस,” बाबा म्हणाले, आणि आणखी एकही प्रश्न विचारू न देता त्यांनी ते उघडलं. पडद्यावर आवाजाचं चित्र असतं, डोंगरांच्या रांगेसारखं. “ही तू,” ते म्हणाले. मी म्हणजे छोट्या-मोठ्या टेकड्या होते, मध्ये दऱ्या, मग एक झाडी माजल्यासारखा भाग, ते हसणं. “हे ‘अं’. हा श्वास. हा परत ‘अं’.” त्यांचं बोट पुढे गेलं, एकेक तुकडा बाजूला सरकला आणि दोन्ही कडा एकमेकींना मिळाल्या, जखम मिटावी तशा. “मॅडम, हरलात तर रडाल का?” सांधा कुठेच दिसेना. मी किती चिडून आले होते, आणि तरी माझा आ वासला. हेच हात सकाळी माझ्या डब्याचं घट्ट झाकण उघडतात. “तुम्ही सगळ्यांचं असं करता?” “सगळ्यांचं. मंत्री, खेळाडू, तुमच्या मुख्याध्यापिका. माणूस बोलताना किती अडखळतो ते तू कच्चं ऐकलंस ना, तर कुणावर विश्वास ठेवणार नाहीस. आम्ही ते पुसून देतो. ती रीत आहे. कुणाचं पुसलं म्हणून कुणी आभार मानत नाही, कारण कुणाला कळतच नाही.”

“मग बाईंचं का नाही पुसलं?”

“पुसू नको म्हणाले वरून. तीच तर बातमी आहे म्हणाले. मला वाटलं, बरोबर आहे, बाई थांबल्यात हे खरंच आहे. खरं आहे तसं ठेवलं.” त्यांनी हे इतक्या हळू सांगितलं की मला पुढे वाकावं लागलं. “आणि माझं?” बाबांनी ती झाकणं माझ्या कानांवर चढवली आणि बाईंची शांतता लावली.

आता हे मी कसं सांगू? बाहेरून ती सरळ रेघ होती. आतून तिच्यात एक आख्खं गाव नांदत होतं. खुर्च्या कुरकुरत होत्या, कुणीतरी आवंढा गिळला तो मला ऐकू आला. पंख्याच्या एका पात्याला काहीतरी घासत होतं. आणि त्याच्या अलीकडे, माईकच्या अगदी जवळ, बाईंचा श्वास. एकदा तो आत गेला, बोलण्याआधी जातो तसा भरून, ओठ सुटल्याचा बारीक आवाज आला. आणि त्यांनी तो तसाच सोडून दिला. मग काही वेळानं परत. परत ओठ सुटले, एक अक्षर जवळजवळ बाहेर आलं, आणि परत त्यांनी ते आत घेतलं. म्हणजे उत्तर दोनदा आलं होतं. दोन तयार उत्तरं होती त्यांच्याकडे, गुळगुळीत, टाळ्या मिळवणारी असणार. त्यांनी ती दोन्ही माघारी धाडली, कारण ती खरी नव्हती, आणि खऱ्याकरता सगळ्या शाळेसमोर, कॅमेऱ्यासमोर, रिकाम्या हातानं बसून राहिल्या. माझ्यासाठी! माझ्या खिंकाळण्यासाठी! त्या गार खोलीत मला घाम फुटला. डोळे भरून आले आणि ते दुःखानं नव्हतं, ते कशानं होतं त्याला माझ्याकडे शब्द नाही, आणि माझ्याकडे हल्ली सगळ्याला शब्द असतात. मी झाकणं काढली तेव्हा बाबा माझ्याकडेच बघत होते. “मीसुद्धा ऐकलंय ते,” ते म्हणाले. “पुष्कळदा.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या खोलीत एक नियम आहे, लिहिलेला नाही, पण आहे: पडद्यावर आपलं घरचं माणूस आलं तर आपण हात लावायचा नाही, शेजारच्या टेबलावर द्यायचं. सख्ख्या माणसाला कात्री लावताना हात एक तर थांबतो, नाहीतर जास्त चालतो. त्या दिवशी शाळेचं चित्रण त्यांच्याकडे आलं, त्यात मी उभी राहिले, आणि त्यांनी शेजारी बघितलं. “देववेना गं,” बाबा म्हणाले. “काकांनी तुझं हसणं ठेवलं असतं. गमतीशीर होतं, कुणीही ठेवलं असतं. आणि लोकांनी तुला फाडून खाल्लं असतं. गेल्या वर्षीपर्यंत पाहुणे आले तर तू पलंगाखाली जायचीस. म्हटलं, आत्ता कुठे बोलायला लागलीये.” मला ओरडायचं होतं, पण त्या खोलीत कुणी ओरडत नाही. मी म्हटलं, “तुम्ही माझं तेवढंच काढलंत आणि सगळं त्यांच्या अंगावर गेलं.” ते म्हणाले, “हो. घड्याळ लागलं तेव्हा कळलं मला. तोवर गेलं होतं वर.” जिराफच्या फोनमधलं मी त्यांना दाखवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत बघितलं, हसण्यापाशी त्यांच्या ओठांचा कोपरा हललासुद्धा. मग म्हणाले, “हे टाकलंस तर पहिला प्रश्न येईल, कापलं कुणी? आणि दुसरा, ही मुलगी कुणाची? दोन्हींचं उत्तर याच खुर्चीत बसलंय. पट्टीवर ‘शाळकरी मुलगी’ लिहिलंय, नाव नाही. तेही मीच लिहिलं. हे लोक मला एक दिवस ठेवणार नाहीत, आणि त्यांचं चुकेल असंही नाही. मतदान तोंडावर आलंय. होऊन जाऊ दे ना. मग कोण विचारतंय!”

घरी चालत आले. फोनमध्ये भांडण चालूच होतं, खिशात थरथरत होतं, जिवंत पाखरू ठेवल्यासारखं. मला एकाएकी त्या सगळ्या माणसांचंही नवल वाटलं. गुलाबवाल्या आजोबांचं, पापण्या मोजणाऱ्याचं. कुणालाही पगार नाही, बक्षीस नाही, आणि तरी एका अनोळखी बाईच्या गप्प बसण्याचा अर्थ काय, यासाठी जिवाचं इतकं रान करतात. जवळ येतात, पार सांध्यापर्यंत बोट नेतात, आणि ते माझ्याऐवजी शेजारच्या माणसावर पडतं. त्यांना सांगणारं एकच माणूस होतं आणि ते निवडुंगामागे बसलं होतं. मला बाबांची खुर्ची दिसत होती, पाठीला उशी बांधलेली. आणि मला माझं हसणंही ऐकू येत होतं. ते टाकलं की वाघीण खलास. मागे उरणार चिमटे खात खिदळणारी एक कार्टी, जी ढकलली म्हणून बोलली. त्यात खोटं काहीच नव्हतं. पलंगाखालची फरशी किती गार असते ते मला अजून आठवतं. तिथे परत जायची भीती वाटली, आणि नवल म्हणजे, भीती वाटत असतानाच मला कळत होतं की मी काही जाणार नाही. माणूस दोन तयार उत्तरं माघारी धाडू शकतो हे एकदा ऐकल्यावर आपलं मन आपल्याला पूर्वीसारखं गंडवू शकत नाही.

जेवताना बाबांनीच आईला सांगितलं. मला वाटलं होतं ते टाळतील. टाळलं नाही, भातावरून बोट फिरवत सरळ सांगून टाकलं. आईनं टीव्ही बंद केला. जावयाला उठवलं म्हणजे बघा. “म्हणजे ते बोलणं हिचं नव्हतं?” ती म्हणाली. “हिचंच,” बाबा म्हणाले, “फक्त गाळून.” आईनं जिराफचं चित्रण बघितलं, चष्मा वर सरकवून, खाली आणून, परत. “ही माझी मुलगी वाटते,” ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. “हे बघ, मी त्या बाईला मत देणार नाहीये. आजही नाही, उद्याही नाही. तिचं आणि माझं कचऱ्यापासून करापर्यंत काही पटत नाही. तिच्यासाठी तू बापाची खुर्ची घालवणार? या वयात त्यांना कोण ठेवून घेईल?”

“तिला मत दे म्हणतच नाहीये मी,” मी म्हटलं. “खुशाल पाड. पण ती जशी आहे तशी बघून पाड ना. माझ्यामुळे कशाला?”

“मोठी आली शहाणी.”

“आई, तू तुझ्या दुकानात कुणाला चुकीची काच लावून वाचायला बसवतेस का? आणि वर म्हणतेस, वाचता येत नाही याला?”

बाबा हसले, अगदी थोडं, नाकातून. “बूच लावा हिला,” आई म्हणाली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिनं माझ्या ताटात न मागता भात वाढला. मला त्या क्षणी दोघं फार आवडली. बाबांचे हात टेबलावर होते, कामाचे, हुशार, घाबरलेले हात. मला त्यांना वाचवायचं होतं, त्यांनी मला वाचवलं तसं, पण काहीतरी कापून, लपवून मात्र नाही.

“मी ठरवलंय,” मी म्हणाले. “उद्या शाळेतून आले की मी ते टाकणार आहे. सगळं, हसण्यासकट, माझ्या चेहऱ्यानं आणि माझ्या नावानं. कुणी कापलं ते मी लिहिणार नाही, पण कुणी विचारलं तर खोटंही सांगणार नाही. म्हणून, बाबा, सकाळी गेलात की आधी तुम्हीच वर जाऊन सांगा. शाळा सुटेपर्यंत मी थांबते.”